घोगऱ्या आवाजाची बाई

आमच्या घरचा फोन मी उचलला की पलीकडचा माणूस म्हणतो, "नमस्कार काका, काकू आहेत का?" मी म्हणते, "काकूच बोलतेय." मग एकतर फोन बंद होतो, नाहीतर "काकूंना सर्दी झालीय का?" अशी चौकशी होते. पूर्वी मी खुलासा करत बसायचे. हल्ली बसत नाही. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलीने मला "सर" म्हटलं तर मी सरांच्या वतीने तिला नकार देऊन टाकते. सरांचा नकार ती पहिल्या झटक्यात ऐकते, हेही माझ्या लक्षात आलेलं आहे.

माझा आवाज घोगरा आहे. तो आजारपणाने झाला नाही, ओरडून झाला नाही, आईस्क्रीम खाऊन तर मुळीच झाला नाही. मी जन्मले तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आजोबांनी माझं पहिलं रडणं ऐकलं आणि नर्स बाहेर यायच्या आत पेढे आणायला माणूस पिटाळला. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, असा तेव्हा रिवाज होता. पेढे आले, आणि मी मुलगी निघाले. दुकानदाराने पेढे परत घ्यायला साफ नकार दिला. "पेढ्याला काय कळतंय मुलगा की मुलगी," असं तो म्हणाला म्हणे, आणि दुकानाची फळी लावून जेवायला गेला. माझ्या जन्माचे पेढे आमच्या पेठेत वाटले गेले ते असे.

शब्द म्हणून घोगरा मला आवडतो, आणि हे मी त्याची मालकीण म्हणून सांगत नाही. एकदा मोठ्याने म्हणून बघा. 'घो' काढायला घशाच्या तळाशी हात घालावा लागतो, 'ग'पाशी पुन्हा तिथेच अडखळायला होतं, आणि 'रा' बाहेर पडेपर्यंत म्हणणाऱ्यालाच खाकरावंसं वाटतं. घसा, घास, घोट, घुटका, घोरणं, घरघर. 'घ' हे अक्षर मराठीने घशाच्या कामासाठीच राखून ठेवलं असावं अशी मला शंका आहे.

लोक घोगरा आणि भसाडा यांची गल्लत करतात, त्याचा मला मनापासून राग येतो. भसाडा आवाज मोठा असतो आणि आपण मोठे आहोत याची त्याला लाज नसते. मांडवातल्या माइकवर "हॅलो, हॅलो" करणारा आवाज भसाडा. घोगऱ्याला मोठं असायची गरज नाही, तो कुजबुजतानाही घोगराच राहतो. बसका आवाज काल बरा होता आणि परवा पुन्हा बरा होईल. चिरका वर जाऊन फाटतो. खरखरीत आवाज कानाला घासतो. घोगऱ्याच्या मात्र तळाशी काहीतरी राहून गेलेलं असतं, कॉफीच्या कपात शेवटी उरतो तसा गाळ. आणि घरघर लागली म्हणजे कारभार आटोपला. घोगरा माणूस निदान अजून आहे.

हे सगळं मी विचार करून ठरवलंय, कारण मला वेळ होता. मी एका वाचनालयात नोकरी केली. तिथे 'शांतता राखा' अशी पाटी होती, पण तिची फारशी गरज पडायची नाही. मी टेबलामागून नुसतं "अहो" म्हटलं की कॉलेजातली पोरं पुस्तकात डोकं घालायची. उरलेल्या वेळात मी कपाटंच्या कपाटं वाचली आणि आपल्या जातीचं कोण कोण भेटतंय ते बघत राहिले.

फारसं बरं कोणी भेटलं नाही. आपल्या कथा-कादंबऱ्यांत दरोडेखोर घोगऱ्या आवाजात बोलतो. सावकार घोगऱ्या आवाजात हसतो. फौजदार, गुत्तेवाला, रात्री दार ठोठावणारा अनोळखी माणूस, सगळे घोगरे. मिसरूड फुटलेला मुलगा काही पानांपुरता घोगरा होतो आणि मग नायक झाला की त्याचा आवाज भारदस्त होतो. एक जागा तेवढी मानाची: मुलगी सासरी निघाली की तिचा बाप, आयुष्यभर कोरडा राहिलेला, घोगऱ्या आवाजात "सांभाळून राहा" म्हणतो. रडू गिळलेला पुरुष मराठीत घोगरा होतो. बाईने तेच रडू गिळलं तर तिचा आवाज कातर होतो, रुद्ध होतो, दाटून येतो, पण घोगरा होत नाही. एखादी बाई घोगरी असलीच तर ती खानावळ चालवते, नाहीतर आधीच्या प्रकरणात मेलेली असते. म्हणजे आमच्यासारखीला साहित्यात दोनच जागा, चुलीपुढे नाहीतर चिंचेवर.

माझ्या आईने ही वाङ्मयीन परिस्थिती फार आधी ओळखली होती. मला बघायला मंडळी यायची होती त्या दिवशी तिने मला बजावलं, "विचारतील तेवढंच बोल. आणि जे बोलशील ते हळू." मंडळी आली. मुलगा सरकारी खात्यात इंजिनिअर, अंगाने किरकोळ, आवाज मऊ. त्याच्या आईने मला स्वयंपाकाचं काहीतरी विचारलं. मी "हो, येतो" एवढंच म्हटलं. त्या माउलीने मुलाकडे पाहिलं, मुलाने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या आईने मधल्या मधे पोह्यांची बशी पुढे करत सांगितलं, "घसा बसलाय हो तिचा. परवा माठातलं पाणी प्यायली."

घसा बसलाय म्हटल्यावर तो कधीतरी उठणार, असं कोणीही धरून चालेल. लग्न झालं, आणि माझ्या सासूबाई घसा उठायची वाट बघू लागल्या. त्या स्वभावाने चांगल्या होत्या, म्हणून तर पंचाईत. टोमणा नाही, तक्रार नाही, नुसते उपचार. सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, दुपारी आल्याचा रस आणि मध, झोपताना हळदीचं दूध. शिवाय स्वयंपाकघरातल्या फळीवर एक पितळी डबा माझ्या नावाने ठेवलेला, त्यात खडीसाखर आणि ज्येष्ठमधाच्या काड्या. "येता-जाता तोंडात ठेवत जा गं, सुटेल घसा," त्या म्हणायच्या. मला ज्येष्ठमधाची चव मुळीच सोसत नाही. मी त्या डब्याला हात लावत नव्हते. तरी तो दर थोड्या दिवसांनी रिकामा व्हायचा आणि सासूबाई समाधानाने तो पुन्हा भरायच्या. मला वाटायचं त्यांच्या भिशीतल्या बायका खात असतील. घरात मुंग्याही पुष्कळ होत्या.

आईचं खोटं मला शेवटपर्यंत निभवावं लागलं. सासूबाई गेल्या तेव्हाही माझा घसा बसलेलाच होता. आणि या सगळ्यात एक गोष्ट मी नवऱ्याला कधी विचारली नाही, की तुमचीही फसगत झाली असं तुम्हाला वाटलं का. ते आपणहून बोलले नाहीत. आमच्या पिढीत नवरे आवाजाविषयी बोलायचे ते फक्त रेडिओवरच्या. चहा छान झालाय हे सांगायला त्यांना रिकामा कप पुढे करावा लागतो, तिथे बायकोच्या गळ्याचं काय घेऊन बसलात. पण मला ते जाणून घ्यायचं होतं. फार जाणून घ्यायचं होतं, आणि विचारायची भीती वाटत होती.

निवृत्त झाल्यावर मी एका अभिवाचन मंडळात गेले. पुण्यात निवृत्त माणसाला तीन वाटा असतात: टेकडी, योगासनं आणि अभिवाचन. टेकडी चढताना गुडघे बोलतात आणि योगासनं करताना शेजारीण, म्हणून मी तिसरी धरली. चार-सहा माणसं एका ओळीत खुर्च्यांवर बसतात, समोर कागद धरतात, आणि एखादी जुनी कथा पात्रं वाटून वाचतात. पाठांतर नाही, हालचाल नाही, खर्च चहाचा. आमचे दिग्दर्शक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांची भूमिका वाटायची पद्धत बँकेतलीच होती. कथा हातात आली की ते लाल पेन्सिल घेऊन बसायचे आणि आवाजाविषयी जे जे शब्द दिसतील त्यांच्याखाली रेघ ओढायचे. 'मंजुळ' दिसलं की ते पात्र आमच्यातल्या एका बाईंकडे, ज्या शाळेत मराठी शिकवायच्या आणि ज्यांचा गळा खरोखरच गोड होता. 'खणखणीत' दिसलं की ते स्वतः. 'घोगरा' दिसलं की वर न बघताच म्हणायचे, "हे आपलं."

'आपलं' म्हणजे माझं. अशा रीतीने मी तीन सावकार, एक मांत्रिक, एक दारुडा मामा आणि विहिरीतलं भूत झाले. भूत गाजलं. कार्यक्रमानंतर एका आजोबांनी मला येऊन सांगितलं, "ताई, तुम्ही बोललात आणि माझ्या अंगावर काटा आला. आता घरी एकटं जायचंय." मी त्यांना रिक्षापर्यंत सोडलं. वाटेत मी काही बोलले नाही, उगाच कशाला.

मग या वर्षीची कथा आली. कुठल्याशा जुन्या मासिकातली, लेखकाचं नाव आम्हाला कोणालाच माहीत नसलेलं. एका सायकल दुरुस्त करणाऱ्याला चोरीच्या संशयावरून पोलीस सकाळी घेऊन जातात. इन्स्पेक्टर त्याला दिवसभर दरडावतो. खरा चोर दुसराच निघतो आणि दिवेलागणीला याला सोडून देतात. तो घरी येतो. बायको उंबऱ्यात बसलेली असते, सकाळी बसली होती तिथेच. ती काही विचारत नाही. ती म्हणते, "जेवून घ्या." मग एक पानभर ती बोलते: दिवसभर कोण कोण येऊन काय बोलून गेलं, तिने कोणालाच उत्तर कसं दिलं नाही, आणि दोनदा टाकलेली भाकरी कशी करपली. बस्स, एवढीच कथा. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

आणि त्या "जेवून घ्या"च्या आधी लेखकाने चक्क छापलं होतं, 'ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.'

मी पुढच्या बैठकीला जरा लवकरच गेले. दिग्दर्शक लाल पेन्सिल घेऊन बसलेच होते. इन्स्पेक्टरच्या घोगऱ्याखाली रेघ होती आणि समासात 'आपलं' लिहिलेलं होतं. बायकोच्या घोगऱ्यावर मात्र आडवी काट मारून त्यांनी वर लिहिलं होतं, 'कातर'.

"हे काय?" मी विचारलं.

"मुद्रणदोष," ते म्हणाले. "वरच्या पानावरचा इन्स्पेक्टरचा घोगरा खाली घसरला असणार. जुन्या छापखान्यांत व्हायचं असं."

मी म्हटलं, "अहो, ती बाई दिवसभर एक अक्षर बोललेली नाही. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलेली नाही. संध्याकाळी पहिला शब्द काढेल तो घोगराच निघणार की. लेखकाला ठाऊक होतं ते."

"बरोबर आहे आपलं," ते म्हणाले. पुण्यात 'बरोबर आहे आपलं' म्हणजे विषय संपला. "पण ऐकणाऱ्याला कळायला हवं ना, की ही बाई आहे म्हणून."

मग मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. मी सरळ मागितलं. म्हटलं, "मला इन्स्पेक्टर नको. मला ही बायको वाचायची आहे."

त्यांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "आपलं वाचन उत्तम आहे, त्याबद्दल वादच नाही," ते म्हणाले. "पण रागावू नका, 'जेवून घ्या' हे वाक्य आपल्या आवाजात धमकी वाटेल."

मी रागावले नाही. घरी आले आणि ओट्याशी उभी राहून हळूच म्हणून बघितलं: जेवून घ्या. मग आणखी हळू. ते मला धमकी वाटलं नाही, पण स्वतःचा आवाज स्वतःला कधी कळतो? चाळीस वर्षं मी रोज दोन वेळा हे वाक्य एका माणसाला ऐकवत आले होते. त्याला ते काय वाटत आलं असेल, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या मानगुटीवर बसला तो उतरेना. बायकोची भूमिका मला आता त्यासाठीही हवी होती. ते समोर बसून ऐकतील, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला उत्तर दिसेल, असा माझा हिशेब होता.

तालमी आम्ही आळीपाळीने एकमेकांच्या घरी करतो. तिसरी तालीम आमच्याकडे होती. नवरा आतल्या खोलीत पेपर वाचत होता. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, हे घरात सर्वांना माहीत आहे. मुलगी हिंजवडीला असते. तिने आग्रहाने कानाचं यंत्र आणून दिलं, ते टेबलाच्या खणात लग्नाच्या अक्षतांच्या पुड्यांशेजारी ठेवलेलं आहे. यंत्र घातलं की स्वतःच पोहे चावल्याचा आवाज येतो, अशी त्यांची तक्रार. माझं म्हणणं असं होतं की त्यांना ऐकायचंच नसतं. दाराची बेल ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, मुलीने फोनवर काहीही सांगितलं की "हो, हो." आणि मी मागच्या गॅलरीतून "मंडईतून येताना आलं आणा" म्हटलं की बरोब्बर आलं येतं. म्हणजे कान ठीक आहेत, फक्त निवडक आहेत. मी त्यांना हे अनेकदा सुनावलंही होतं.

तालीम झाली. गोड गळ्याच्या बाईंनी बायको वाचली. खोटं कशाला बोलू, छान वाचली, स्वरात कंप, डोळ्यांत पाणी, सगळं जागच्या जागी. मी इन्स्पेक्टर म्हणून यथाशक्ती दरडावलं. चहाला नवरा बाहेर आला आणि कप घेत दिग्दर्शकांना म्हणाला, "तुमच्या गोष्टीत एकटा इन्स्पेक्टरच बोलतो का हो? बाकीच्यांनी काय तोंडात गुळणी धरलीय?"

सगळे हसले. त्यांना ती खास पुणेरी प्रतिक्रिया वाटली. दिग्दर्शक खणखणीत आवाजात "छान, छान" म्हणाले. आणि नवऱ्याने माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाले?"

मी हातातली किटली खाली ठेवली. दिग्दर्शक त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. तालमीत मी आतल्या खोलीपासून दिवाणखानाभर लांब बसले होते.

त्यांचे कान तपासून आणल्यावर मुलीने फोनवर सांगितलं होतं, की डॉक्टर म्हणतात बारीक आणि वरचे आवाज आधी जातात, जाड आणि खालचे मागे राहतात. मी तेव्हा आमटी ढवळत होते आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आता कप-बशा विसळताना ते सगळं एकदम समजलं. बेल गेली, कुकर गेला, लेकीचा बारीक आवाज गेला, सकाळचे पक्षी केव्हाच गेले असतील. एक मी उरले होते. आणि ते निवडून ऐकतात म्हणून मी त्यांच्यावर चिडत होते. मला फार वाईट वाटलं, आणि कबूल करते, त्या वाईट वाटण्यात थोडी ऐटही होती.

कार्यक्रम सातारा रस्त्याकडच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये होता. नवरा पहिल्या रांगेत बसला, पांढरा शर्ट घालून. यंत्र खणातच. माइक त्या संघाच्या वयाचा होता. सायकलवाला बोलला, निवेदक बोलला, आणि मागच्या रांगांतून "ऐकू येत नाही" सुरू झालं. आमच्याकडे श्रोते हे असं सांगताना आडपडदा ठेवत नाहीत. एका गृहस्थांनी उभं राहून विचारलं, "आम्ही घरी जाऊन वाचू का?" मग इन्स्पेक्टरची पाळी आली. मी पहिलं वाक्य बोलले आणि हॉल गप्प झाला. मागचे गृहस्थ "हां, हे ठीक," म्हणत खाली बसले.

मी दरडावत राहिले. शेवट आला. गोड गळ्याच्या बाईंनी कातर आवाजात म्हटलं, "जेवून घ्या." पुढच्या एक-दोन रांगांतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. मी नवऱ्याकडे बघत होते. ते सरळ बसून, नम्रपणे, आपल्याला काही ऐकू येत नाही हे कोणाला कळू नये अशा चेहऱ्याने समोर बघत होते. टाळ्या झाल्या तेव्हा आजूबाजूचं बघून त्यांनीही वाजवल्या.

बाहेर येऊन रिक्षा केली. मी पत्ता सांगितला. रिक्षावाला मागे न बघता म्हणाला, "स्वारगेटला लई ट्रॅफिक हाय काका, टाइम लागंल." खऱ्या काकांना ते ऐकू आलं नाही. मी काकांच्या वतीने "चालेल" म्हटलं.

स्वारगेटच्या अलीकडे रिक्षा थांबली ती थांबलीच. पुढे बस, मागे बस, बाजूला कुणाच्या तरी कंपनीची बस. नवरा म्हणाला, "इन्स्पेक्टर झकास झाला. पण शेवटी ती बाई काय म्हणाली? बायका का रडत होत्या?"

मी म्हटलं, "सांगते."

आणि त्या गोंगाटात, हॉर्न वाजत असताना, मी त्यांना बायको सांगितली. कागद पिशवीत होता, काढला नाही. ते पान मला पाठच होतं. ती उंबऱ्यात कशी बसली होती, शेजारपाजारचे काय काय बोलून गेले, दिवसभर तिच्या तोंडून शब्द कसा फुटला नाही. मग मी म्हटलं, "आणि ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, जेवून घ्या." भाकरी करपल्याचंही सांगितलं. कार्यक्रमात वाचलं असतं त्याहून जरा हळूच बोलले, कारण श्रोता एकच होता आणि त्याचा कान माझ्याकडे होता.

मग एवढी वर्षं जे विचारलं नव्हतं ते माझ्या तोंडून निघून गेलं. "अहो, आमचे दिग्दर्शक म्हणतात, माझ्या आवाजात ते धमकीसारखं वाटेल. तुम्हाला वाटलं?"

"वाटलं तर," ते म्हणाले. "म्हणून तर मी वेळेवर जेवतो."

मी हसले. त्यांनी समोरच्या बसकडे बघत पुढे म्हटलं, "आईचा तो पितळी डबा आठवतो? खडीसाखरेचा?"

"भिशीच्या बायका संपवायच्या तो?"

"मी संपवायचो. चोरून. ज्येष्ठमध काय भयंकर लागतो गं." "आई इतकी नेमाने भरायची. मला धास्ती वाटायची, तू खाल्लास आणि खरंच सुटला घसा तर?"

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, विजेचं बिल भरल्याचं सांगतात तसं, आणि पुन्हा बसकडे बघू लागले. मला काहीतरी बोलायचं होतं. त्या मऊ आवाजाच्या, किरकोळ अंगाच्या मुलाने फळीवरचा डबा हळूच काढलेला मला दिसत होता, तोंड वाकडं करून काडी चघळताना दिसत होता, आणि शब्द फुटत नव्हता. शेवटी "बरं" एवढंच निघालं, ते माझ्या मानानेसुद्धा फार घोगरं निघालं.

रिक्षावाल्याने आरशात न बघताच सल्ला दिला, "घसा बसलाय काका तुमचा. खडीसाखर ठेवा तोंडात, मोकळा हुईल."

"काय म्हणतोय तो?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणतोय, मी खडीसाखर खावी."

ते एकदम वळले आणि माझा हात धरून म्हणाले, "नको."